खर्ड्याचं स्थळ

जोशुआ रणनवरे एक्केचाळीस वर्षांचा झाला, तरी आडनावात जेवढा नवरा होता तेवढाच त्याच्या वाट्याला आला होता. हा विनोद त्याचा नव्हे. सुपा एमआयडीसीत त्याच्या गाळ्यासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या छबूबाईचा होता, आणि ती तो दिवसातून एकदा, साधारण अकराच्या चहाबरोबर, गरम करून देत असे.

गाळ्यात एक लेथ, एक ड्रिल मशीन, ग्रीसचा हिरवा डबा आणि निवृत्त वडील एवढी सामग्री होती. वडील म्हणजे पाळक योहान रणनवरे. घरी एकट्याला करमत नाही म्हणून ते रोज मुलाबरोबर येत, दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत आणि ग्रीक-मराठी शब्दकोश लिहीत. नऊ वर्षांत पहिलं अक्षर संपत आलं होतं.

जोशुआ पितळी बुश करायचा. बुश म्हणजे बोटाएवढी आखूड नळी, यंत्राच्या सांध्यात बसते आणि झिजली की बदलतात. शेजारच्या कंपनीला तो दर महिन्याला शंभरांचा लॉट द्यायचा. हात असा, की बाकीचे कारागीर मायक्रोमीटर लावून जे माप काढत ते हा नुसतं बोट फिरवून सांगे. असं असूनही कंपनीच्या यादीत सहा वर्षं त्याचा दर्जा 'क' होता, कारण प्रत्येक लॉटमधला एक बुश, फक्त एक, पन्नास मायक्रॉननं जाड निघायचा. पन्नास मायक्रॉन म्हणजे फार तर एक केस. आणि निघायचा म्हणजे जोशुआ तो काढायचा.

त्याचं कारण असं. लॉट सगळा पास झाला तर कंपनीतून नुसता फोन येई. एक जरी बुश नापास झाला तर क्वालिटी विभागातल्या आराधना पारधे स्वतः येत, स्कूटी गाळ्याच्या सावलीत लावत, पर्समधून मायक्रोमीटर काढत आणि वीस मिनिटं जोशुआला फैलावर घेत. ती वीस मिनिटं जोशुआ महिनाभर पुरवून वापरायचा.

"रणनवरे, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

"वाटते, मॅडम."

सहा वर्षांतलं त्यांचं हे सगळ्यात खाजगी बोलणं.

आणि आता आराधनाचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या चर्चमध्ये पद्धत अशी, की लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत पुकार होते. अमुक मुलगा, तमुक मुलगी, यांच्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आत्ता सांगा, नाहीतर कायमचं गप्प बसा, अशा अर्थाचं पाळक काहीतरी वाचतात. दोन रविवार पुकार झाली होती. दोन्ही वेळा हरकतीच्या नेमक्या क्षणी जोशुआला खोकला आला. दोन्ही वेळा चर्चच्या नव्या पाळकांनी थांबून चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही वेळा शेजारच्या बाकावरच्या बनुबाईंनी त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली. तिसरी पुकार या रविवारी होती. त्यानंतर खोकून काही उपयोग नव्हता.

गुरुवारी दुपारी, लाईट गेलेली असताना, गाळ्याच्या पत्र्यावर काहीतरी दाणकन पडलं.

पहिली बाहेर आली ती छबूबाई. तालुक्यात तेव्हा ड्रोनची आवई उठली होती. रोज कोणालातरी आभाळात दिवे दिसत, चोर टेहळणी करून गेले असं ठरे आणि पोरं काठ्या घेऊन गच्चीवर बसत.

"आला! जोशुआ, ड्रोन आला! चोर हाय त्यो, सोडू नगं त्याला!" छबूबाईनं झाडू उलटा धरला.

पत्र्यावरून जे खाली उतरलं ते दहा वर्षांच्या पोराच्या उंचीचं होतं. काळवंडलेल्या काशाचा रंग, पाठीला दोन पंख, पंखांवर काचेचे चौकोन बसवलेले, डाव्या हातात धनुष्य. दुसरा कोणी असता तर त्यानं आधी पंख पाहिले असते. जोशुआनं सांधे पाहिले. उजवा गुडघा सैल होता आणि खांद्यातला बुश साफ गेलेला होता.

"नमस्कार," ते म्हणालं. आवाज रेडिओवर बाजारभाव सांगतात तसा. "मी एरॉस. मी ग्रीसचा."

"ग्रीस आहे," जोशुआ म्हणाला. "हिरव्या डब्यात. पण आधी जुनं पुसून काढावं लागेल, नाहीतर घाण धरतं."

"ग्रीस देशाचा."

"असं होय."

योहान पाळक खुर्चीतून उठले. ग्रीकमध्ये प्रीतीला तीन-चार शब्द आहेत, त्यातला सगळ्यात वरचा कोणता आणि सगळ्यात खालचा कोणता, हे त्यांनी चाळीस वर्षं दर लग्नात सांगितलं होतं. खालचा म्हणजे एरॉस. मंडळीतल्या अडाणी म्हाताऱ्यांनाही तेवढं एक ग्रीक येत होतं. आणि आज हा खालचा, वरून आला होता. पाळकांनी घसा साफ केला आणि धर्मशास्त्राच्या शाळेत शिकलेल्या ग्रीकमध्ये त्याचं स्वागत केलं.

"तुमचं ग्रीक दोन हजार वर्षं जुनं आहे," एरॉस म्हणाला, "आणि उच्चार वांबोरीचे आहेत."

"मी वांबोरीचाच," पाळक म्हणाले. त्यांना बरं वाटलं.

"तुमची प्रवचनं मी वरून ऐकली आहेत. लाउडस्पीकर होता. चाळीस वर्षं तुम्ही मला खालच्या पायरीवर बसवलंत."

"त्यात वैयक्तिक काही नव्हतं हो."

"मला पंख आहेत, पायरीनं फरक पडत नाही. पण मनाला लागतं."

मग त्यानं आपली हकिगत सांगितली. आपण देव नाही, तो ग्रीकांचा गैरसमज. आपण यंत्र. दुसऱ्या एका सूर्याभोवतीच्या लोकांनी पाच हजार वर्षांपूर्वी धाडलेलं. काम संवर्धनाचं: जिथे जीव आपापसात भांडून संपायला आलेत तिथे सुया टोचून जोड्या जमवायच्या, म्हणजे जात टिकते. सुई लांबून मारायची म्हणून धनुष्य. ग्रीक लोकांनी पंख पाहिले, धनुष्य पाहिलं आणि मंदिर बांधून मोकळे झाले.

"आणि तुझी आई?" पाळकांनी विचारलं. "ग्रंथात तर मोठी देवी दिली आहे."

"त्या बाईंशी माझा संबंध कवींनी जोडला. मी त्यांना भेटलेलो नाही."

"मंग तुला धाडलं ती लोकं कुटं हायेत?" छबूबाईनं झाडूच्या मागून विचारलं.

"पाच हजार वर्षांत निरोप नाही. मुख्य कचेरी बंद पडली असावी. मी मात्र काम चालू ठेवलं आहे."

"आन परमनंट?"

"केलं नाही."

छबूबाईनं झाडू खाली ठेवला. तिचा जावई गेली सात वर्षं एका कारखान्यात कंत्राटावर होता. "म्हंजी ह्यो बी कंत्राटीच हाय बिचारा," ती म्हणाली आणि चार चहा घेऊन आली. एरॉस चहा पीत नसे, पण त्यानं कप हातात धरून ठेवला. तेवढं त्याला माणसांमध्ये राहून कळत होतं.

काम असं होतं: बाणाची काडी एकच उरली होती आणि तिचं टोक झिजून बोथट झालं होतं. तसंच टोक नवं करून हवं होतं.

"ग्रीसमध्ये नाही मिळालं करून?"

"तिथे आता पर्यटन आहे. लेथवाला मिळत नाही." मग म्हणाला, "मजुरीबद्दल हा बाण तुमच्या वतीनं मारून देईन. मला नंतर काड्या मिळतील, करंजाच्या झाडाच्या सरळ येतात."

लाईट आली. जोशुआनं पितळी दांडी लेथच्या पकडीत, चकमध्ये, धरली. हात बसवायला एक टोक केलं आणि मग खरं दुसरं. पितळेच्या बारीक वेटोळ्या बुटांवर पडत होत्या आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ती म्हणजे रविवार.

एरॉसनं टोक काडीवर बसवलं. "बाण लागला की माणसाला पुढच्या क्षणी समोर जे दिसेल त्यावर जीव जडतो. म्हणून त्या वेळी तुम्ही समोर उभे राहा. केव्हा मारू?"

उद्या चार वाजता आराधना येणार होती. या महिन्यातला जाड बुश कालच तिच्याकडे पोचला होता. "उद्या. दुपारी चार."

"नाव?"

जोशुआनं वडिलांकडे पाठ केली. "आराधना पारधे."

"स्थळ?"

आता, गेल्या पंधरा दिवसांत जोशुआला हा प्रश्न अकरा जणांनी विचारला होता. पेट्रोलपंपावर, चर्चच्या पायरीवर, दाढी करताना. आराधनाचं स्थळ कुठलं रे? दर वेळी त्यानं सांगितलं होतं आणि दर वेळी तोंड कडू झालं होतं. उत्तर त्याला आता पाठ होतं, विचार करावा लागत नव्हता.

"खर्ड्याचं," तो म्हणाला. "नोहा भिंगारदिवे. पतसंस्थेत आहे. घर किल्ल्यासमोर, गच्चीचं."

एरॉसच्या डाव्या डोळ्यात हिरवा दिवा लागला. "नोंद झाली," तो म्हणाला आणि उडाला. उडताना खांदा कुरकुरला.

"मुलीला न विचारता?" पाळक मागून म्हणाले.

"पपा, देव आहे तो."

"यंत्र आहे म्हणाला."

"मग तर पापच नाही."

पाळकांनी वहीत एक शब्द लिहिला आणि खोडला. "तुझ्या आईला मी विचारलं होतं. चार महिने तिनं उत्तर दिलं नाही. सायकलवरून रोज तिच्या दारावरून जायचो. त्या चार महिन्यांएवढा मी पुन्हा कधी जिवंत नव्हतो." मग थोडं थांबून, "नंतर हो म्हणाली आणि सायकल विकली."

शुक्रवारी जोशुआनं नाताळातला शर्ट घातला. छबूबाईनं तो टपरीतूनच पाहिला.

"आज काय ठरीवलंय?"

"काही नाही, मावशी."

"त्येच तर सा वर्सं चाललंय. पोरगी येती, तू तिला नळी दाखीवतूस. तिनं काय नळीसंगं संसार करायचा?"

पावणेचारला स्कूटी आली. आराधनानं हेल्मेट काढलं, पर्समधून जाड बुश काढला आणि लेथवर ठेवला. "पन्नास," ती म्हणाली. "पुन्हा पन्नास."

"सॉरी, मॅडम."

ती गाळ्यात तयार असलेले बुश तपासायला लागली. एकेक उचलायची, मायक्रोमीटरच्या तोंडात धरायची, हलका आवाज येईपर्यंत फिरवायची, डोळे बारीक करून आकडा वाचायची. सहा वर्षांत हिनं पास करायचं ते नापास केलं नव्हतं आणि नापास करायचं ते पास केलं नव्हतं. एकदा कंपनीच्या मोठ्या साहेबांनी डोळेझाक करा म्हटलं, तर हिनं त्यांचाच चष्मा काढून पुसून परत दिला होता. ती गोष्ट पूर्ण एमआयडीसीत ठाऊक होती. आणि अशा बाईच्या पाठीत, ती माप घेत असताना, तिला मोजता येणार नाही असा माल आपण घुसवणार होतो.

तीन अठ्ठावन्नला जोशुआनं घड्याळ पाहिलं. तीन एकोणसाठला त्यानं तेलाच्या पिंपाचं झाकण उचललं आणि आराधनाच्या पाठीमागे धरलं.

"हे काय?"

"ऊन, मॅडम."

"आपण पत्र्याखाली आहोत."

"पत्रा तापतो."

ती डावीकडे वळली, झाकण डावीकडे. उजवीकडे, उजवीकडे. दाराशी पाळकांनी डोळे मिटून घेतले होते. ते प्रार्थना करत होते की हसू दाबत होते ते कळायला मार्ग नव्हता. चार वाजले. चार वाजून एक. झाकणाला काही लागलं नाही, पत्र्याला भोक पडलं नाही.

आणि आराधना शिंकली.

लागला, जोशुआला वाटलं, कुठल्यातरी फटीतून शिरला. त्यानं पटकन तोंड फिरवलं, तिला आपण दिसू नये म्हणून, आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

"पाणी मिळेल का?" ती म्हणाली.

हे लक्षणच होतं. त्यानं पाठमोऱ्यानंच तांब्या पुढे केला.

"रणनवरे, इकडे बघा."

"नको, मॅडम. मी विनंती करतो. त्या कॅलेंडरकडे बघा, नाहीतर पपांकडे बघा."

"तुम्हाला काही होतंय का?"

"मला नाही. तुम्हाला?"

आराधनानं मायक्रोमीटर मिटला, जाड बुश नेहमीप्रमाणे पर्समध्ये टाकला आणि हेल्मेट घातलं.

"रविवारी येणार ना चर्चला?" स्कूटी सुरू करताना ती म्हणाली. "खोकल्याचं औषध घेऊन या."

रविवारी नवरा मुलगा स्वतः आला होता. तिसऱ्या पुकारीला यायचं असतं. नोहा भिंगारदिवे पुढच्या बाकावर बसला होता, इस्त्रीचे कपडे, चेहऱ्यावर तेज. असं तेज, की बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या दिल्या. जोशुआ शेवटून दुसऱ्या बाकावर औषधाची बाटली खिशात घेऊन बसला होता. बाण गेला कुठे हे त्याला दोन दिवस कळलं नव्हतं.

नव्या पाळकांनी कागद उघडला. नावं वाचली. "यांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास," ते म्हणाले आणि सवयीनं जोशुआकडे पाहिलं. बनुबाईंनी खडीसाखर काढून तयार ठेवली.

"मला हरकत आहे," नोहा भिंगारदिवे उठून म्हणाला.

"तुम्हाला? स्वतःच्याच लग्नाला?"

"हो, पाळकसाहेब. खोटं बोलून चालणार नाही. माझं मन दुसरीकडे गुंतलंय."

चर्चमध्ये जे झालं त्याला शांतता म्हणता येणार नाही, कारण पंखे चालू होते. आराधनाच्या मामांनी बाह्या वर केल्या. "कोण आहे ती?"

"ती नाही," नोहा म्हणाला. "तो."

आता पंख्यांचाही आवाज येईना.

"किल्ला," नोहा म्हणाला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग नीट विचार करून तो परत आत घेतला.

"शुक्रवारी चार वाजता मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो," नोहा सांगत राहिला. डोळ्यांत पाणी होतं. "पाठीत मुंगी चावल्यासारखं झालं. वर पाहिलं तर समोर किल्ला. चौतीस वर्षं समोर आहे हो, पण मी कधी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं! ते बुरूज, त्यांच्यावर उगवलेलं गवत. त्याला कोणी विचारत नाही. तेव्हापासून मी घरी जेवलो नाही, डबा तिकडेच नेतो. लग्नानंतर सुप्याला बदली घ्यायचं ठरलं होतं. मला खर्डा सोडणं शक्य नाही."

"मुलगी नापसंत आहे का?" पाळकांनी विचारलं. त्यांना कागदावर काय लिहावं ते सुचत नव्हतं.

"मुलगी लाखात एक आहे. पण स्थळ," नोहा म्हणाला आणि हात छातीवर ठेवला, "स्थळ माझं ठरलं आहे."

शेवटून दुसऱ्या बाकावर जोशुआच्या डोक्यात तेव्हा एक हिरवा दिवा लागला. स्थळ. शुक्रवार. चार वाजता. गच्चीचं घर. त्यानं डोळे मिटले आणि घरंगळत बाकाच्या खाली जायचा प्रयत्न केला, पण बनुबाईंचे पाय मध्ये आले.

मामा नोहाकडे निघाले होते. आराधना उठली. "बसा, मामा. माणूस खरं बोलतोय. खरं बोलणाऱ्याला मारायचं असेल तर आधी मला कंपनीतून काढावं लागेल." आणि तिनं मागे वळून पाहिलं, थेट शेवटून दुसऱ्या बाकाकडे. आज खोकला आलेला नव्हता.

सोमवारी सकाळी एरॉस पत्र्यावर उतरला. अहवाल द्यायची त्याला पाच हजार वर्षांची सवय होती.

"तुम्ही दिलेल्या स्थळी आराधना नावाचं कोणी नव्हतं. नोहा नावाचा इसम गच्चीवर होता. आराधना हे त्याचं घरातलं नाव असेल असं मी धरलं. आणि तुम्ही समोर उभे राहायचं ठरलं होतं, तर तुम्ही नव्हता. समोर किल्ला होता."

"स्थळ म्हणजे नवरा, बाबा!" जोशुआ ओरडला. "जागा नाही! लग्नाचं स्थळ!"

एरॉसच्या दिव्याची दोनदा उघडझाप झाली. "रेडिओवर कार्यक्रमाचं स्थळ सांगतात, तिथे मंगल कार्यालय असतं. तिथे कोणी नवरा समजत नाही."

"तिथं बी नवराच बसल्याला असतोय," छबूबाई टपरीतून म्हणाली.

"यावर उतारा काय?" पाळकांनी विचारलं.

"नाही. साधारण चाळीस वर्षं टिकतं." मग एरॉस म्हणाला, "काल मी पुन्हा जाऊन पाहिलं. तो बुरुजावरचं गवत काढत होता आणि गाणं म्हणत होता. मी लावलेल्या जोड्यांत इतकी सुखी जोडी कमी पाहिली आहे. किल्ला भांडत नाही."

तेवढ्यात स्कूटी आली. कोणता लॉट नव्हता, बोलावणं नव्हतं. आराधना आत आली, एरॉसला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खांद्यावर नजर ठेवून म्हणाली, "हे कोण? यांचा बुश गेलाय."

"ग्रीसचे आहेत," जोशुआ म्हणाला. आणि मग, वडिलांसमोर, छबूबाईसमोर आणि त्या यंत्रासमोर त्यानं तिला सगळं सांगितलं. बाण, टोक, चार वाजता, पिंपाचं झाकण, स्थळ. सांगताना तो एकदाही खोकला नाही. आराधना ऐकत राहिली. संपल्यावर तिनं विचारलं, "दुसरं टोक कुठाय? हात बसवायला केलेलं?"

लेथवर पडलं होतं, एरॉसच्या जुन्या टोकाशेजारी. तिनं मायक्रोमीटर काढला. दोन्हींवर हलका आवाज येईपर्यंत फिरवला, डोळे बारीक केले.

"पन्नास," ती म्हणाली. "जाड."

"ते... सवयीनं गेलं असेल, मॅडम."

"आणि बाणाला लावलेलं?"

जोशुआनं मान खाली घातली. तिचं नाव मनात असताना त्याच्या हातानं दुसरं काही केलेलंच नव्हतं.

"मग चूक शब्दाची नाही, मापाची आहे," आराधना म्हणाली. "जाड टोक कातडीत पुरतं जात नाही, म्हणून माणूस सोडून इमारतीवर भागलं."

"चूक शब्दाची आहे," एरॉस म्हणाला.

"मापाची."

"मी पाच हजार वर्षं हे काम करतो आहे."

"आणि एवढ्या वर्षांत एकदाही तपासणी झाली नाही. दिसतंय ते." एरॉसनं आपला सैल गुडघा पंखाआड घेतला.

आराधनानं पर्समधून एक कापडी पिशवी काढली आणि लेथवर उलटी केली. बुश घरंगळले. एक पितळेच्या वेटोळ्यांत गेला, एक पाळकांच्या पायाशी.

"सत्तर आहेत," ती म्हणाली. "सहा वर्षं. नापास म्हणून नोंदवले, पण सगळे एकाच मापाचे आहेत हे कंपनीत सांगितलं असतं, तर तुमचा गाळा तेव्हाच बंद झाला असता. सगळे पन्नास मायक्रॉन. एकही एकोणपन्नास नाही, एकही एक्कावन्न नाही. चुकणारा माणूस इतकं बरोबर चुकत नाही, रणनवरे. मधे दोन महिने शंभरच्या शंभर बुश नीट आले, तेव्हा मला धस्स झालं. चौकशी केली तर तुम्ही टायफॉइडनं दवाखान्यात होता आणि लेथवर दुसराच माणूस होता."

जोशुआनं एक बुश उचलून त्यावर बोट फिरवलं. "मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"माझं काम तपासायचं. मालाबद्दल सांगायचं काम ज्यानं तो केला त्याचं. घरच्यांनी स्थळ आणलं, वाईट नव्हतं, मी नाही म्हणायला कारण काय देणार? सत्तर बुश? भर चर्चमध्ये दोन वेळा तुम्हाला विचारलं, हरकत आहे का. दोन वेळा तुम्ही खोकलात."

छबूबाईनं पेटता स्टोव्ह तसाच सोडला होता आणि ती दारात येऊन उभी होती. पाळकांनी वही मिटली. गाळ्यात तेवढ्यात लाईट गेली आणि पंखा गुरगुरत थांबला, त्यामुळे आता बोलायला आवाजाची सबबही उरली नव्हती.

"मॅडम," जोशुआ म्हणाला. मग तो शब्द त्याला चुकीच्या मापाचा वाटला. "आराधना. तुमच्यासाठी एक स्थळ आहे."

"कुठलं?"

"सुप्याचं. एमआयडीसी, गाळा नंबर अठ्ठावीस."

एरॉसच्या डाव्या डोळ्यात हिरवा दिवा लागला. "नोंद झाली," तो म्हणाला आणि धनुष्य उचललं.

"अरे थांबवा त्याला!" पाळक ओरडले. छबूबाईनं झाडू उचलला. जोशुआनं पिंपाचं झाकण. एरॉसनं भात्यात हात घातला, भाता रिकामा होता. त्याला ते आठवलं आणि त्यानं धनुष्य खाली केलं. "काड्या आणायच्या राहिल्या," तो जरा ओशाळून म्हणाला.

आराधनानं गाळा पाहिला. पत्रा, पिंप, दाराशी खुर्ची, खुर्चीत सासरे. जोशुआला वाटलं ती हसेल, पण ती माल पाहताना कधी हसत नसे.

"जागा लहान आहे," ती म्हणाली. "विचार करून सांगते."

"किती दिवसांत?"

"चार महिने तरी," योहान पाळक मध्येच म्हणाले, आणि इतके खूश झालेले ते गेल्या नऊ वर्षांत कोणी पाहिले नव्हते. "घाई करू नको गं, बाळा. दुसरी एक सायकल आहे घरी. तेल घालून देतो त्याला."

आराधनानं हेल्मेट घातलं. दारात थांबली. "पुढच्या लॉटमध्ये शंभरच्या शंभर नीट पाहिजेत मला. दर्जा 'क' असलेला माणूस घरी दाखवता येणार नाही."

"पण मग तुम्ही इकडे येणार कशाला?"

"ते आता बुशाशिवाय जमवा," ती म्हणाली आणि स्कूटीला किक मारली.

जोशुआ स्कूटी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला, आणि नंतरही थोडा वेळ. मग त्यानं हिरवा डबा उघडला, जुनं कापड घेतलं आणि एरॉसला खुर्चीवर बसवलं. त्याचा खांदा उघडून जुनी घाण पुसायला लागला. नवा बुश लागणार होता. तो बरोबर मापाचा करायचा म्हटल्यावर त्यानं सहा वर्षांत पहिल्यांदाच, नुसत्या बोटावर भरवसा न ठेवता, मायक्रोमीटर शोधला.